दिवसांचा रकाना

सोमवार, ५ जानेवारी

आले एकदाची. दोन बॅगा, माझी उशी आणि ही कोरी वही, एवढाच संसार. गाडीवाल्याने सामान उतरवताना विचारलं, बाकीचं मागून येतंय का. मी म्हटलं, नाही हो, बाकीचं मी मागेच टाकून आले. तो हसला नाही. मला मात्र आज सगळ्याचंच हसू येत होतं, त्यामुळे त्याच्या वाटचंही मीच हसून घेतलं.

वृद्धनिवास म्हटल्यावर डोळ्यांपुढे ओलसर भिंती आणि फिनाइलचा वास आला होता. तसं काही नाही. लांबट बैठी इमारत, मधून रुंद व्हरांडा, दोन्हीकडे खोल्या आणि टोकाला भरपूर खिडक्यांचं जेवणघर. त्याला लागूनच माझी औषधखोली. अर्ध्या उंचीचं दार, त्यावर फळी, मागे भिंतभर काचेची कपाटं. आधीच्या कंपाउंडरांनी बावीस वर्षं ही खोली सांभाळली आणि नाव ठेवायला जागा ठेवलेली नाही. अडतीस माणसांचे अडतीस ट्रे, प्रत्येकात सकाळ, दुपार, संध्याकाळचे कप्पे आणि वर मोत्यासारख्या अक्षरात नावं. मी शिस्तीची म्हणून चारचौघांत मिरवते, पण इथे मला माझीच लाज वाटली. व्यवस्थापकबाई (कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं सुसाट) म्हणाल्या की ते इथेच असतात, भेटतीलच. असे गृहस्थ भेटलेच पाहिजेत.

दुपारी घंटा झाली आणि पहिल्यांदा ट्रे घेऊन जेवणघरात फिरले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक उंच आजोबा एकटेच बसले होते. ताट यायच्या आधीपासूनच त्यांचं तोंड चालू. मला पाहून त्यांनी हात उचलला. हात थरथरत होता, तरी हवेत बोटाने एक चौकोन काढला आणि त्याच्या उजव्या कडेला दोनदा टोचून दाखवलं. मी ओळखलं, ताट कधी येणार म्हणून विचारतायत. त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, मिळेल हो आजोबा, आधी गोळी घ्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं. मी त्यांचं नाव ठेवलंय कोपरेकाका.

त्यांच्याबरोबर माझीही एक गोळी घेतली. मी आईला पाठवलेल्या गोळ्यांचे दोन डबे ती गेल्यावर दादाने परत केले, तेच चौदा महिने संपवतेय. गोळी तीच. जेवल्यावर पोट फुगतं माझं, आईसारखंच. वारसा म्हणून दुसरं काही मिळालं नाही, हे तरी मिळालं.

मंगळवार, ६ जानेवारी

इथली पद्धत लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. प्रत्येकाचं एक निळं जाड कार्ड. त्यावर चार रकाने: तक्रार, औषध, किती, कधी. दर महिन्याला जुन्या कार्डावरून नवं कार्ड उतरवायचं, प्रत्येक औषधापुढे आपली सही करायची. गुरुवारी डॉक्टर येतात, ते खाली सही करतात. कार्डावर आहे ते द्यायचं, नाही ते द्यायचं नाही. संपलं. असं सरळ काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

मी नव्याने रुजू झाले म्हणून सगळ्या कार्डांवर माझी सही हवी होती. चहा घेता घेता करून टाकल्या. अडतीस कार्डं पाऊण तासात, एकही खाडाखोड नाही. व्यवस्थापकबाई म्हणाल्या की तुमचा हात चालतो बरं का. मी खूश.

तेवीस कार्डांवर तीच आमची छोटी पांढरी गोळी आहे, मळमळ थांबवणारी आणि पोट लवकर रिकामं करणारी. इथे तिला कोणी नावाने ओळखत नाही. नुसतं 'जेवणाआधीची' म्हणतात, घरातल्या जुन्या माणसासारखं.

रविवार, ११ जानेवारी

माणसं ओळखीची झाली. एक आजी रोज मला नव्याने नाव विचारतात आणि रोज म्हणतात, छान आहे, कोणी ठेवलं? दोन सख्खे भाऊ आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाची गोळी खाली पडली तर दुसरा आधी वाकतो.

एक गंमत लक्षात आली. जेवण संपतं, ताटं उचलली जातात, तरी दहाबारा तोंडं चालूच असतात. ओठ आत घेतात, बाहेर काढतात, गालात जीभ फिरवतात, रिकामंच चघळत बसतात. कोणी मधूनच जीभ टुणकन बाहेर काढून परत आत घेतं. मला दिसलं की मी पण काढून दाखवते, तेवढीच करमणूक. कवळ्या नीट बसत नसणार. दातांच्या डॉक्टरांसाठी यादी करायला घेतलीय. आईचंही शेवटी असंच व्हायचं, दोनदा कवळी बदलून दिली तिला.

गुरुवार, २२ जानेवारी

आज एक माणूस आलं आणि जेवणघराचा नूरच पालटला. तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाई. मी त्यांना बातमीताई म्हणते आणि त्यांना ते आवडलंय. नवरा नाही, मूल नाही, डोक्यावरचे केस कापसासारखे, पण आवाज! पाठीमागून ऐकला तर पस्तिशीची बाई वाटेल. पोचल्याबरोबर त्यांनी विचारलं की इथे पेपर येतो का, आणि कोण वाचतं. येतो, पण बहुतेकांना अक्षरं दिसत नाहीत, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग उद्यापासून नाश्त्यानंतर मी वाचणार, अग्रलेखासकट, आणि मध्ये कोणी खोकायचं नाही.

प्रवासाने त्यांना उलट्या होत होत्या. डॉक्टर आलेलेच होते. फोन खांद्याने कानाशी धरून त्यांनी बातमीताईंची नाडी पाहिली आणि मला म्हणाले, जेवणाआधीची चालू करा, पाच दिवस. मी कार्ड लिहिलं. तक्रार उलटी, औषध ते, किती तर एक, कधी तर जेवणाआधी. पाच दिवसांचं लक्षात ठेवलंय.

बातमीताईंनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि त्यावरची बारीक अक्षरं खास रेडिओच्या आवाजात वाचून दाखवली, उत्पादनाच्या तारखेपासून. मी हसून हसून फळीवर डोकं टेकलं. त्या म्हणाल्या की आवाज हीच माझी इस्टेट, बाकी सगळं वाटून टाकलंय.

सोमवार, २ फेब्रुवारी

कार्डं उतरवली. पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने सगळी. बातमीताईंचं घेतलं तेव्हा जीभ चावली. पाच दिवस केव्हाच होऊन गेले! कार्डावर होती म्हणून ट्रेमध्ये जात राहिली, आणि त्यांनीही मुकाट्याने घेतली. पण त्यांना बरं वाटतंय, जेवतातही नीट. डॉक्टरांना न विचारता कमी कशी करणार? नव्या कार्डावरही उतरवली. गुरुवारी विचारीन.

आता चोवीस झाले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दोन गुरुवार गेले, विचारायचं राहिलं. एकदा डॉक्टर घाईत होते, एकदा मी.

आज एका आजींची मुलगी भेटायला आली होती. जाताना माझ्या फळीपाशी थांबली, डोळे लाल. म्हणाली, आई मला वेडावून दाखवते. नातवाला पुढे केलं तर त्याच्याकडे बघूनही जीभ काढली, तो घाबरून रडला. एवढा कसला राग आहे तिला माझा? मी तिची समजूत घातली. वयानुसार होतं, मनावर घेऊ नका, वगैरे. ती गेली आणि मी ट्रे भरायला बसले, तर हात पुढे जाईना.

हेच शब्द मी आधी ऐकले होते. वहिनीचे. फोनवर. आई मला वेडावते, पाहुण्यांसमोर तोंडं करते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि मी वहिनीला काय काय बोलले होते! सासू जड झाली असेल तर सरळ सांग म्हणाले. तिच्या तोंडात खोट काढू नकोस म्हणाले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

गोळीच्या खोक्यातला माहितीचा घडीचा कागद उघडला. तो कागद कोणी उघडत नाही. तो उघडला की पुन्हा खोक्यात मावत नाही, आम्ही तो सरळ टोपलीत टाकतो.

मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलंय. थोडेच दिवस द्यावी. बारा आठवड्यांच्या वर देऊ नये. जास्त दिवस दिल्यास ओठ, जीभ, जबडा यांची आपोआप होणारी, थांबवता न येणारी हालचाल सुरू होऊ शकते. वयस्कर माणसांना, त्यातही बायकांना धोका जास्त, काहींना लवकरही. ही हालचाल औषध बंद केल्यावरही कायम राहू शकते.

मला हे माहीत होतं. हेच तर. या आजाराला पुस्तकात एक लांबलचक नाव आहे, मी ते परीक्षेत लिहून दोन गुण मिळवले होते. नाव पाठ होतं. माणूस समोर बसलं तर ओळखता आलं नाही.

आई अडीच वर्षं घेत होती. डॉक्टरने आठवड्याची दिली होती. तिला बरं वाटलं म्हणून मी पाठवत राहिले, कारण घरात औषधवाली मी, माझ्या शब्दापुढे कोण जाणार? मग ती शेजारी जाईनाशी झाली. मग सगळ्यांच्या आधी, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. दादाने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं मानी झालीय. शेवटच्या फोनवर तिने विचारलं होतं, गोळ्या बंद करू का गं? शब्द फुटत नव्हते, चघळल्यासारखे येत होते. कवळी लाव आणि बोल म्हणाले मी. आणि म्हणाले, एक दिवसही चुकवायची नाही.

तिने चुकवली नाही.

आईचे डबे केरात टाकले. माझी गोळी आजपासून बंद. हे लिहिताना लाज वाटते आहे, कारण घंटा झाल्यावर बाकी चोवीस जणांना मी ती दिली. स्वतःची तेवढी बंद केली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

डॉक्टर आले. मी कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. सांगायचं वाक्य सकाळपासून घोकत होते. त्यांनी सह्या करायला सुरुवात केली, आणि प्रत्येक कार्डावर त्यांच्या सहीच्या वर माझी सही दिसत होती. स्वच्छ, ठसठशीत. एकही खाडाखोड नाही.

त्यांनी विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, काही नाही.

नोकरी जाईल ही भीती आहेच, ती नाकारत नाही. पण खरं कारण ते नाही. या गोळीने यांचं असं झालं म्हटलं, की आईचं कशाने झालं तेही म्हणावं लागेल. मोठ्याने. ते माझ्याच्याने होईना.

बातमीताईंनी आज खेळाचं पानही वाचलं. अजून त्यांना काही झालेलं नाही. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते. चार आठवडे झालेत. त्यांच्यासाठी तरी वेळ आहे.

सोमवार, २३ फेब्रुवारी

माळ्यावरचे जुने गठ्ठे काढले. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत कार्डं पिवळी होती आणि त्यावर पाच रकाने होते. पाचवा, उजव्या कडेचा: किती दिवस.

कोपरेकाका. हवेतला चौकोन, उजवी कड.

पिवळ्या कार्डावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय, जेवणाआधीची, दहा दिवस. एका आजींची सात दिवस. मग निळी कार्डं छापून आली. 'कधी'चा रकाना रुंद करायचा होता, मोठी अक्षरं बसावीत म्हणून. पाचवा रकाना गेला. पिवळ्यावरून निळ्यावर उतरवलं तेव्हा दिवस लिहायला जागाच नव्हती. मग निळ्यावरून निळ्यावर. दहा दिवसांची गोळी नऊ वर्षं चालली आहे. पुढे जे आले त्यांचंही तसंच. कोणी वाईट नव्हतं, सगळे जे कार्डावर आहे ते देत होते.

व्यवस्थापकबाईंना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आधीचे कंपाउंडर भेटले नाहीत. त्या आश्चर्याने बघायला लागल्या. म्हणाल्या, अहो रोज भेटता की. कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात ते.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

औषधखोलीत उंदीर शिरलाय. दुपारी सगळे आडवे झाले की ऐकू येतो. काहीतरी ओलं ओलं चघळल्याचा आवाज, अगदी जवळून. मी उठले की थांबतो. पिंजरा लावला.

सोमवार, ९ मार्च

ठरवलं. कोणाला काही न सांगता मीच निस्तरणार. आजपासून चोवीस कप्प्यांत जेवणाआधीचीच्या जागी कॅल्शियमची तशीच पांढरी गोळी. कोणाच्या लक्षात येणार नाही. हळूहळू तोंडं थांबतील, बातमीताई वाचतील, आणि मग डॉक्टरांना सांगायची गरजच उरणार नाही.

किती दिवसांनी नीट जेवले आज.

शनिवार, १४ मार्च

वाढलंय.

थांबलं नाही, वाढलंय. ज्यांची तोंडं शांत होती त्यांचीही सुरू झाली. आज एकोणीस मोजली. दोघा भावांची समोरासमोर, एकाच तालात. वाढणाऱ्या बाईने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, मला आज इथे कसंतरी होतंय.

पुन्हा तो कागद काढला. लिहिलंय त्यातही, खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत. गोळी चालू असते तेव्हा ती हे सगळं झाकूनही ठेवते. अचानक थांबवली की उघड्यावर येतं.

बातमीताईंनी वाचताना दोनदा घसा खाकरला. 'मंत्रिमंडळ' म्हणताना जीभ दातांत आली. त्या हसल्या. म्हणाल्या, तीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार, १६ मार्च

मी परत द्यायला लागले. खरी.

हे मी केलंय. जाणूनबुजून, कागद वाचून. व्हरांड्यात सगळे घाबरले होते, एक आजी स्वतःचा जबडा हाताने धरून बसल्या होत्या, मला ते बघवेना. तीन दिवसांत निवळेल. निवळतंय. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, तुम्ही लक्ष घातलंत म्हणून बरं.

पिंजरा रिकामाच. आवाज आहे.

शुक्रवार, २० मार्च

कार्डांच्या पेटीच्या तळाशी कागद अंथरलाय. एक कोपरा सुटला होता. खाली घडी. मोत्यासारखं अक्षर, पण ओळीच्या शेवटी शेवटी हललेलं. आठ वर्षांपूर्वीची तारीख.

'दिवसांचा रकाना माझ्या हातून राहिला. आज लक्षात आलं. बावीस माणसं आहेत. डॉक्टरांना सांगायचं आहे, पण धीर होत नाही. तोवर मी स्वतःलाही चालू केली आहे. त्यांना होईल ते मलाही होऊ दे. येत्या गुरुवारी नक्की सांगेन.'

जेवणघरात गेले. त्यांच्यासमोर तो कागद उलगडला. त्यांनी तो पाहिला, मग मला पाहिलं. तोंड चालूच. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड चालूच. त्यांनी माझ्या हनुवटीकडे बोट केलं.

मला कळलं नाही.

गुरुवार, २ एप्रिल

बातमीताईंनी आज पेपर उघडला. पहिलं वाक्य. जीभ बाहेर आली. आत घेतली. पुन्हा वाक्य. पुन्हा आली. कोणी खोकलं नाही. त्यांनी पेपरची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून, आणि मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काय चाललंय हे मला माहीत असणार, एवढ्या विश्वासाने.

दहा आठवडे. पाच दिवस सांगितले होते.

डॉक्टर आले तेव्हा मी गोदामात जाऊन बसले.

शनिवार, ४ एप्रिल

दुपार. उंदराचा आवाज. आज उठले नाही. नुसती मान वळवली, काचेच्या कपाटाकडे.

काचेत आई होती.

ओठ आत, ओठ बाहेर. गालात जीभ. बघत होती माझ्याकडे. मी म्हटलं आई, आणि तिचंही तोंड हललं, पण त्यातून आई निघालं नाही — चप् — चप् —

हात लावला. माझी हनुवटी. ओली.

उंदीर नव्हता. पाच आठवडे उंदीर नव्हता. डबे केरात टाकले त्यानंतर — उघड्यावर आलं —

कोपरेकाकांना दिसत होतं. सगळ्यांना दिसत असणार. कोणी म्हणालं नाही. नव्या बाईंना कवळी आहे वाटतं, म्हणाले असतील.

गुरुवार, ९ एप्रिल

सांगितलं. सांगायला गेले. गठ्ठा बाजूला सारला, डॉक्टरांचा हात धरला. दिवस म्हणायचं होतं, रकाना म्हणायचं होतं. जीभ वळेना. थुंकी उडाली त्यांच्या बाहीवर. मग लिहून दिलं. बोटंही आता — ते कागद फिरवून फिरवून बघत होते. व्यवस्थापकबाईंनी मला मिठीत घेतलं. म्हणाल्या, किती ताण घेता हो, आधीच आईचं दुःख, त्यात इथे आल्यापासून एक दिवस रजा नाही. चौथ्या नंबरची खोली रिकामी आहे. बरं वाटेपर्यंत आमच्याकडेच राहा.

माणसं चांगली आहेत. हेच तर.

पाच फेब्रुवारीला बोलता येत होतं. एकोणीसला येत होतं. सगळा मार्च येत होतं. मी काही नाही म्हणाले.

सोमवार, १३ एप्रिल

एवढं लिहायला सकाळ जाते.

मला कार्ड आलं. निळं. तक्रार: जेवत नाही, मळमळ. औषध —

कोपरेकाकांच्या टेबलावर बसवतात. समोर बातमीताई. पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. आम्ही तिघं एका तालात. थांबवायला बघते तर जास्त.

आई, तू मला पत्र लिहिलं असतंस तरी मी वाचलं नसतं. वाचता आलं नसतं. कवळी लाव म्हणाले असते.

सोमवार, २० एप्रिल

नवी कंपाउंडर. तरुण. हसरी. ट्रे कसे लावलेत म्हणून कौतुक करते. माझं अक्षर बघून लाज वाटली म्हणाली स्वतःची.

फळीवर बसून सह्या. चहा घेत. चाळीस कार्डं — बघू नकोस नुसती, वाच —

घंटा.

ती येते आहे. बातमीताईंना दिली. काकांना दिली. वही तिच्यापुढे धरली. आजचं पान. तिने बघितली, हसली — छान रेघोट्या काढल्यात म्हणाली —

चौकोन काढला हवेत. उजवी कड. दोनदा. तीनदा. अगं इथे — इथे लिहायचं असतं — किती —

हातावर थोपटते आहे. मी आजी नाही गं, सेहेचाळीस — मिळेल हो आजी, म्हणते, आधी गो—